मागच्या दारचे बिऱ्हाडकरू

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या साताऱ्यात पाहुण्यांची वर्दळ असते. पुण्या-मुंबईचे नातलग येतात, एक रात्र टेकतात आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर-पाचगणीला नाहीतर कासकडे निघतात. "तुमचं काय बाई, मनात आलं की जाता येत असेल!" असं जाताजाता म्हणतातही. पुढे जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यंदा सुट्टीत कुठे?" गेली काही वर्षं माझं उत्तर एकच, "मागच्या दारी." बायका हसतात. त्यांना वाटतं, मी पापड-कुरडयांबद्दल बोलतेय. पापड-कुरडया होतातच, त्या कुणाला चुकल्यात? पण त्या वाळत घालता घालता मी जे पाहते, त्यासाठी लोक दुर्बिणी गळ्यात अडकवून लांब लांब जातात.

आमचं घर जुन्या पेठेतलं, अजिंक्यताऱ्याच्या चढाकडे पाठ करून उभं. मागचं दार उघडलं की चार पायऱ्या आणि मग परडं. माझं माहेर कोकणातलं, आम्ही त्याला परस म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "परड्यातून कढीपत्ता आण गं," आणि मी ओट्याशी तशीच उभी! लांबी चाळीस फूट, रुंदी जेमतेम अठरा. मोरीचं पाणी जातं तिथे अळू आणि केळी, मध्ये एक म्हातारा पेरू, कडेनं जास्वंद आणि कढीपत्ता, स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढवलेली जाई. अगदी टोकाला दगडमातीची जुनी भिंत. तिच्यावरून किल्ल्याचा उतार दिसतो आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचं अंगण. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून घरात रामायण झालं.

फोटो काढून कुणाला पाठवावा असं आमच्या परड्यात काही नाही. कोपऱ्यात पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, एक फुटकी बादली. पण पक्ष्यांच्या लेखी हा भरलेला बाजार आहे. घरट्याला काड्या हव्यात, काथ्या हवा, कोळ्याचं जाळं हवं, पिल्लांना अळ्या हव्यात. झाडून-सारवून लख्ख केलेल्या अंगणात यातलं काय मिळणार?

हे बघायचा नाद लागला 2020 च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत. शाळा बंद, रस्ता बंद, आणि पाच माणसं चोवीस तास घरात. डोकं शांत करायला मी पहाटेचा चहा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची. मोरीपाशी बदामाचं एक रोप आपोआप उगवलं होतं. रात्री वटवाघळं बदाम खातात आणि बी कुठेही टाकतात, त्यातलंच. ते उपटायचं असं ह्यांचं बरेच दिवस चाललं होतं. एका सकाळी त्या रोपाचं एक मोठं पान द्रोणासारखं वळलेलं दिसलं. जवळ जाऊन बघते तर कडा चक्क शिवलेल्या! कापसाचा पेळू ओढून बारीक टाके घातलेले. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, शिंपी आहे तो. आमच्या लहानपणी भोपळ्याच्या वेलात असायचा."

शिंपी म्हणजे चिमणीहूनही लहान, पाठ हिरवी, डोक्याला तांबूस टोपी आणि शेपूट सदा वर. मूर्ती एवढीशी पण आवाज असा, की शेजारच्या घरात कुणी भांडतंय असं वाटावं. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्यांतून कापूस नाहीतर कोळिष्टक ओवायचं आणि बाहेर आलेलं टोक पिंजून फुगवायचं म्हणजे ते निसटत नाही. गाठ मारावी लागत नाही! भोकं इतकी बारीक की पान पिवळंही पडत नाही, हिरवंच राहतं आणि घरटं झाडावरच्या इतर पानांत मिसळून जातं. आतल्या वाटीत मऊ कापूस. मी बी.ए.ला असताना शिवणाचा क्लासही केला होता, पण इतकी सफाई माझ्या हाताला आली नाही. बदामाचं ते रोप अर्थातच वाचलं. आता ते छपरापर्यंत गेलंय आणि पानं झाडताना कंबर मोडते, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी, 2022 च्या एप्रिलमध्ये, खिडकीवरच्या जाईत बुलबुल आले. डोकं काळं, त्यावर छोटा तुरा आणि शेपटीखाली लालभडक डाग, म्हणून ह्याला लालबुड्या बुलबुल म्हणतात. ओट्याशी उभं राहिलं की घरटं हातभरावर. वरण उकळताना मान वळवली तरी दिसायचं. कपाएवढी वाटी, काड्यांची आणि मुळांची, त्यात आमच्या झाडूच्या चार-पाच काड्याही ओळखू आल्या. तीन अंडी, फिकट गुलाबीसर, वर तांबडे-जांभळे शिंतोडे. तेरा-चौदा दिवसांनी त्यांतली दोन फुटली. तिसरं तसंच राहिलं.

बायकांनो, नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू बघायला मुळीच गोजिरवाणं नसतं हं. उघडं, गुलाबी, डोळे मिटलेले, सगळं शरीर म्हणजे एक पोट आणि एक तोंड. आई किंवा बाप फांदीवर टेकला की ते तोंड टपकन उघडतं. दोघंही आणून भरवतात आणि भरवून झालं की क्षणभर थांबतात. का थांबतात ते मला दोन दिवस कळलं नव्हतं. पिल्लू शेपटी वर करतं आणि त्याची शी एका पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली बाहेर येते. ती पिशवी चोचीत धरून आई लांब नेऊन टाकते. घरटं कोरडं, वास नाही, मुंग्या नाहीत. दुपटी धुऊन धुऊन हात सोललेल्या आपण आया, आपल्याला याचं मोल कळतं!

सहाव्या दिवशी दुपारी बुलबुलांचा एकच कल्लोळ ऐकू आला. धावत गेले तर जाईच्या वेलात भारद्वाज.

भारद्वाजाचं दर्शन शुभ, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. काळाभोर देह, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे. कामाला निघताना दिसला की काम फत्ते! सासूबाईंनी सवयीनं हात जोडलेही. आणि त्याच क्षणी त्यानं घरट्यातलं एक पिल्लू उचललं. मी पदर झटकून हाकललं तर तो उडाला नाही, कुंपणातल्या झुडपांत आरामात चालत शिरला. अर्ध्या तासानं मी शेगडीवरचं दूध उतरवत होते तेवढ्यात पुन्हा आला आणि दुसरंही घेऊन गेला. सासूबाई जोडलेले हात सोडून पायरीवर बसल्या. "एवढी वर्षं नमस्कार केला याला मी," एवढंच म्हणाल्या.

माझी लेक तेव्हा दहा वर्षांची. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. "तू खिडकीला जाळी का नाही लावलीस? तुला माहीत होतं ना?" आता तिला काय सांगायचं? जाळी लावली असती तर बुलबुल आत कसे गेले असते? भारद्वाज हाकलावा म्हटलं तर त्याचीही घरटी असतात. त्याची गंमत अशी की हा कोकिळेच्या नात्यातला, पण कोकिळेसारखी आपली अंडी कावळ्याच्या पदरात टाकत नाही. स्वतः घरटं बांधतो, स्वतः पिल्लं वाढवतो. आमच्या जाईतून जे गेलं, ते कुठल्यातरी दाट झुडपात कुणाच्या तरी पिल्लांच्याच तोंडी पडलं असणार. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं का? नाही पटलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

बुलबुलांनी मात्र दुखवटा फार दिवस पाळला नाही. आठ-दहा दिवसांत त्यांनी दुसरं घरटं केलं, या खेपेला जास्वंदीच्या आत, चांगलं गचपणात. तिथून जूनमध्ये दोन पिल्लं बाहेर पडली. बाहेर पडली म्हणजे उडाली नव्हेत, पडलीच! बुलबुलाचं पिल्लू घरटं सोडतं तेव्हा त्याला धड उडता येत नाही. शेपूट बोटभर, तुऱ्याच्या जागी मऊ पिसं, आणि ते आपलं जमिनीवर नाहीतर खालच्या फांदीवर फुगून बसतं. नेमक्या याच वेळी गल्लीतली मुलं बुटाच्या खोक्यात पिल्लू घालून आणतात, "काकू, ह्याची आई हरवली." आई हरवलेली नसते. ती समोरच्या तारेवर अळी चोचीत धरून आपण कधी बाजूला होतो याची वाट बघत असते.

अशा वेळी काय करायचं ते मी आता मुलांना पाठ करून घेतलंय. पिसं आलेलं असेल तर मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्याच झुडपात ठेवायचं आणि घरात निघून यायचं. उघडं, बिनपिसांचं असेल तर पुन्हा घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं आपण सगळ्याच ऐकत आलोय. ते खरं नाही. वासावरून पिल्लू टाकण्याइतकं पक्ष्यांचं नाक तिखट नसतं. दूध-पोळी, दूध-ब्रेड तर मुळीच भरवू नये. दूध हे पक्ष्यांचं अन्नच नव्हे. धान्य खाणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना पहिले दिवस किडे-अळ्याच भरवतात. म्हणून तर मी जास्वंदीवर फवारायचं औषध बंद केलं. मावा पडतो, कळ्या थोड्या गळतात, देवाला चार फुलं कमी जातात. सासूबाईंची त्याला हरकत नाही.

त्या पावसाळ्यात मी शाळेच्या ग्रंथालयातून पक्ष्यांवरची मिळतील ती पुस्तकं आणली. डॉ. सालिम अलींचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण मला आवडली ती त्यांची किहीमची हकिगत. 1930 च्या सुमारास त्यांच्याजवळ नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला घरी जाऊन राहिले होते. तिथे सुगरणींची वसाहत होती. ते रोज शिडीवर कापडाच्या आडोशात बसून बघत राहिले. आणि त्यांना काय दिसलं? आपण जिला सुगरण म्हणतो ती घरटं विणतच नाही! विणतो तो नर. अर्धं विणून झालं की माद्या येऊन घर पसंत करतात. पसंत पडलं तर तो ते पुरं करतो, ती आत अंडी घालते आणि हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या बिऱ्हाडासाठी. सातवीला बहिणाबाई चौधरी शिकवताना मी हे वर्गात सांगितलं तर मुली खो खो हसल्या आणि मुलगे खाली बघायला लागले. बिनकामाचा म्हणवणारा माणूस घराजवळच्या झाडाकडे बघत बसतो आणि त्यातून जगाला माहीत नसलेली गोष्ट निघते, हे मला फार मोलाचं वाटलं. ह्यांनाही मी ते वाचून दाखवलं. "बरं," म्हणाले.

आता भिंत.

आमची मागची भिंत ह्यांच्या आजोबांच्या वेळची. 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत तिला मध्यावर चांगलं पोट आलं होतं. पलीकडच्या अंगणात शेजारणीची धाकटी दोघं दिवसभर खेळतात. पावसाळ्याआधी उतरवून नवी बांधायची, असं जानेवारीतच ठरलं होतं. गवंडी मिळता मिळत नाही हे तुम्हांला सांगायला नको. अखेर एक ओळखीचा मिस्त्री मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यायला कबूल झाला.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीतल्या एका बिळात दयाळानं संसार मांडला. भिंतीच्या डाव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, एक दगड निखळून खोल खोबण झाली होती. दयाळ तुम्ही नक्की पाहिलाय, ओळखला नसेल. नर काळा-पांढरा, शाळेच्या गणवेशासारखा स्वच्छ. मादी तशीच पण काळ्याच्या जागी राखी. हा मार्च-एप्रिलपासून पहाटे तारेवर नाहीतर शेंड्यावर बसून शीळ घालतो. आपण अर्धवट झोपेत ज्याला कोकिळा समजतो ती पुष्कळदा दयाळाची शीळ असते. (आणि कोकिळा गात नाही, गातो तो कोकिळ, पण ते राहू दे.) गवत, मुळं, काथ्या नेऊन बीळ भरलं. मग मादी दिसेनाशी झाली, म्हणजे उबवायला बसली. अंडी उबवण्याचं काम तिच्या एकटीचं. तो शेंड्यावर बसून गायचा आणि दुसरा दयाळ आला तर भांडायचा.

मिस्त्री एकोणतीस तारखेला हजर झाला, बरोबर दोन गडी. आदल्याच दिवशी दयाळांची चोचीत किडे घेऊन ये-जा सुरू झाली होती. म्हणजे पिल्लं निघाली होती. मी हिशेब केला. पिल्लं बाहेर पडायला अजून तेरा-चौदा दिवस. मिस्त्री म्हणाला, "बाई, आठवड्यावर मृग आलाय. चौदा दिवस मी थांबू कुठं? माझी आणखी दोन कामं आहेत." तो मला बाई म्हणतो, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

ह्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "पाऊस लागला आणि ती भिंत पलीकडे पडली, तर तुझे पक्षी साक्षीला येणार आहेत का?" मी काय बोलणार? पलीकडे मुलं खेळत होती, त्यांचा चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांपुढेही तेच चित्र होतं. लेक दाराला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मागच्या वर्षीचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही, पण मला तो ऐकू आला. मी म्हटलं, कायद्याप्रमाणेसुद्धा रानपक्ष्याचं घरटं मोडता येत नाही, 1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यावर हे म्हणाले, "मग कायद्यालाच टेकू लावायला सांग भिंतीला."

ते चिडून बोलले, पण मिस्त्रीनं शब्द उचलला. "टेकू लावता येईल की, साहेब." तो भिंतीच्या पोटावर हात फिरवत म्हणाला, पोट आहे ते मध्ये आणि उजवीकडे. डावीकडचा दहा फूट तुकडा अजून ओळंब्यात आहे. उजवीकडून उतरवत येऊ, तेवढं बांधून घेऊ, डाव्या तुकड्याला दोन्ही अंगांनी वासे लावू. मग तो दुसऱ्या कामावर जाईल आणि पाखरं गेली की दोन दिवसांसाठी परत येईल. मात्र परत यायचं तर हजेरी वेगळी, वासे भाड्यानं आणावे लागतील ते वेगळं. आणि पाऊस लागला तर त्याचं त्याला विचारू नका.

हे गप्प बसले. तेव्हा सासूबाई, ज्या आतापर्यंत तांदूळ निवडत होत्या, ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "बाळंतिणीचं घर कुणी मोडतं का रे?" बस्स. पुढे चर्चा झाली नाही. जास्तीची हजेरी मी माझ्या पगारातून देते म्हटलं. अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो केवढा, पण दिला. शेजारणीला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तिनं त्या बाजूला जुनी खाट आडवी लावून मुलांना अडवलं. तिच्या जागी दुसरी असती तर भांडायला उठली असती, हे मला कबूल करायला हवं.

मग सुरू झाले ते पंधरा दिवस. उजवीकडे पहार, घमेली, धूळ. डावीकडे वाशांच्या मधून दयाळांची ये-जा. पहिल्या दिवशी नर घसा फाटेस्तोवर ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यानं गड्यांना ओळखीत घेतलं. तिसऱ्या दिवशी तर उकरलेल्या मातीतले गांडूळ उचलायला तो घमेल्यापाशी येऊन बसायला लागला! मिस्त्री कौतुकानं हात थांबवायचा. आणि सर्वांत नवल आमच्या ह्यांचं. एका सकाळी मी पाहते तर पायरीवर चहा निवत ठेवून हे वहीत रेघा मारताहेत. सात ते आठ एका तासात नरानं किती फेऱ्या केल्या, मादीनं किती. बत्तीस झाल्या होत्या. "नर जास्त करतोय," हे मला ऐकवून सांगितलं. मी म्हटलं, "चांगलं आहे, बघून ठेवा."

सासूबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. कावळ्यानं मे महिन्यात घरटं कुठे बांधलं यावर त्या पाऊस सांगतात. आंबा-करंजासारख्या झाडावर असेल तर पाऊस चांगला, काटेरी बाभळीवर असेल तर ओढ, अशी जुन्या माणसांची समजूत. आमच्या कोपऱ्यावरच्या करंजावर घरटं होतं, म्हणून त्या निश्चिंत नव्हत्या, काळजीत होत्या! "पाऊस लवकर येतोय की काय," म्हणून रोज किल्ल्याच्या डोक्याकडे बघायच्या. मृग कोरडा गेला. त्या वर्षी पाऊस सगळ्या महाराष्ट्रातच रेंगाळला. मुंबईला तो पंचवीस जूनला पोचला. गावोगाव पेरण्या खोळंबल्या होत्या, लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते आणि आमच्या घरात मात्र "आणखी चार दिवस नको रे बाबा" चाललं होतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या सासूबाईंना ते बोलवत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्या नुसत्याच माळ ओढत बसायच्या.

बारा जूनला सकाळी बिळाच्या तोंडाशी एक ठिपक्या-ठिपक्यांचं छातीवर जाकीट घातलेलं पिल्लू येऊन बसलं. बाप समोरच्या पेरूवर किडा घेऊन बसला होता, पण देत नव्हता. आत नेऊन भरवणं बंद! अर्धा तास आरडाओरडा झाला. मग ते पडलं, सावरलं, फडफडत अळवात गेलं. दुपारपर्यंत त्याच्यामागून आणखी तीन. लेक शाळेच्या नव्या वह्यांना कव्हरं घालत पायरीवर बसली होती, तिनं बोटं मोजून दाखवली, चार. मी मांजराला दिवसभर कोंडून ठेवलं. शेजारणीचंही.

मिस्त्री शब्दाप्रमाणे चौदा तारखेला आला. डावा तुकडा उतरवताना त्यानं ते बीळ जपून उघडलं आणि गवताची वाटी आख्खी बाहेर काढून लेकीच्या हातात दिली. नवी भिंत बांधताना मी म्हटलं, तेवढीच खोबण ठेवता येईल का? त्यानं खापरी नळाचा तुकडा घेतला, मागून बंद केला, तोंड दोन-अडीच इंचाचं ठेवलं, आत पाणी साचू नये म्हणून जरा पुढच्या बाजूला कल दिला आणि मांजराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर भिंतीत बसवून टाकला. याची वेगळी हजेरी घेतली नाही.

2024 मध्ये ती खोबण रिकामीच राहिली. दयाळ होते, पहाटेची शीळ होती, पण त्यांनी घरटं केलं शेजारणीच्या गच्चीवरच्या मोडक्या पन्हाळात. लेकीला वाईट वाटलं. मला म्हणाल तर थोडा रागच आला! एवढा खटाटोप केला तो काय पन्हाळ पसंत पडायला?

2025 चा मे तुम्हांला आठवत असेल. महिनाभर पाऊस, आणि मोसमी पाऊस तर मुंबईला सव्वीस मेलाच येऊन थडकला. पापड-कुरडया घरातच पंख्याखाली वाळवल्या. त्या ओल्या दिवसांत मागच्या दारी पुन्हा चोची भरभरून ये-जा दिसली. खोबणीत कोण असावं? साळुंकी. नवरा-बायको दोघं, गवताबरोबर प्लॅस्टिकचा कागद आणि सापाची कातसुद्धा आत नेलेली. आरडाओरड तर विचारू नका. हे छत्री घेऊन पायरीवर, वही पावसानं ओली, तरी रेघा चालू. सासूबाई म्हणतात, "साळुंक्या फार पसारा करतात हो," आणि रोज भाताची शितं तिकडेच टाकतात.

जूनमध्ये मिस्त्री दुसऱ्या कामाचं विचारायला आला होता. चहा पिताना त्यानं आपण होऊन विचारलं, "बाई, त्या भोकात आलं का कोण?"

"साळुंकी आली."

"साळुंकी?" त्याचा चेहरा पडला. "साळुंकीला काय, कुठंबी चालतंय. मी दयाळाच्या मापानं केलं होतं ते." पण जाताना मागच्या दारानं गेला आणि भिंतीपाशी थांबून, मान वाकडी करून आत बघून गेला.